हलक्या कामास योग्य

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, एका कवीला बसगाड्या आणि सरकारी मोटारींवर बोलायला बोलावलं, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. मलाही वाटलं. पण याच्या वडिलांचे हात जन्मभर डिझेलमध्ये होते, असं कुणीतरी निर्मातेबाईंना सांगितलं होतं, आणि ते खरं आहे. अब्बा फिटर होते. एका सार्वजनिक संस्थेच्या गॅरेजात त्यांनी तेहतीस वर्षं काढली. संस्थेचं नाव मी घेणार नाही. का घेणार नाही, ते पुढे कळेल. भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी आधी ग्रीसचा वास यायचा आणि मागून अब्बा यायचे.

सरकारी मराठीत एक शब्द आहे : निर्लेखन. मी तो पहिल्यांदा अब्बांकडून ऐकला. त्यांच्या तोंडी तो 'निरलेखण' असा यायचा. गाडी जुनी झाली, दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाला, की तिचा प्रस्ताव जातो, तपासणीचा अहवाल येतो, मंजुरी मिळते आणि मग जडवस्तू नोंदवहीतून तिचं नाव कमी होतं. लिहिलेलं पुसायचं, एवढाच त्याचा अर्थ. बी.ए.ला मराठी घेतल्यावर मी हा शब्द कोशात शोधला आणि वाटलं, चाळीस ओळींत जे मला साधत नाही ते कुण्या कारकुनानं चार अक्षरांत करून ठेवलंय.

गाडी पुसली जाण्याआधी मात्र तिचा एक मोठा प्रवास होत असतो. ती एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जाते. हा प्रवास कुठल्याच इतिहासात नाही, म्हणून आज त्याच्याविषयी बोलावंसं वाटतं.

पुण्यापुरतं बोलायचं तर आरंभ बैलांपासून करावा लागेल. इथली नगरपालिका १८५०च्या दशकाच्या अखेरीस आली. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात तिचे सभासद होते. त्या वेळी नगरपालिकेची वाहनं म्हणजे गाड्या : केराच्या आणि मैल्याच्या. शहराचा मैला गाड्यांनी बाहेर न्यायचा, राखेत मिसळून त्याचं खत करायचं आणि बागायतदारांना विकायचं, अशी व्यवस्था होती. जुन्या गॅझेटियरात त्याचं वर्णन आहे. ती गाडी कोण हाकत असे आणि टोपली कुणाच्या डोक्यावर असे, हे तुम्हाला सांगायला नको. शहरातलं सर्वांत वाईट वाहन कुणाच्या वाट्याला येतं, या प्रश्नाचं उत्तर तेव्हापासून फारसं बदललेलं नाही, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

मोटारींचं युग आलं. पुण्यातली बससेवा आधी खाजगी होती, सिल्व्हर ज्युबिली मोटर्स या कंपनीची. जुने पुणेकर अजूनही नुसतं 'सिल्व्हर ज्युबिली' म्हणत. मग १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एस.टी.ची पहिली गाडी सुटली, बेडफर्डची. एस.टी.ची ती सुरुवात. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महापालिका झाली आणि शहराच्या बसगाड्या तिच्याकडे आल्या. पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट, आपली पीएमटी. कायद्यानंच तिचा संसार वेगळा ठेवला होता. परिवहन समिती वेगळी, व्यवस्थापक वेगळा, हिशेब वेगळा. त्यामुळे महापालिकेच्या घरात दोन चुली झाल्या. एका चुलीवर लाल बसगाड्या, दुसऱ्या चुलीवर बाकी सगळं : कचऱ्याचे ट्रक, पाण्याचे टँकर, अग्निशमनाचे बंब, रुग्णवाहिका, शववाहिका, अधिकाऱ्यांच्या जीपगाड्या आणि महापौरांची मोटार.

या दोन्ही ताफ्यांचा एक अलिखित नियम अब्बांनी मला लहानपणीच समजावला होता. आम्ही पाच भावंडं. ईदला नवा सदरा थोरल्याला शिवायचा. पुढच्या ईदला तो दुसऱ्याला. मग तिसऱ्याला, बाही आखूड करून. माझ्यापर्यंत येईतो कॉलर उलटवून शिवलेली असायची. मी रुसलो की अब्बा म्हणायचे, "बेटा, गाड्यांचं पण असंच असतं." नवी बस आली की ती शहराच्या मुख्य मार्गावर, जिथे साहेबलोकांना दिसेल तिथे. तिथली जुनी बस पेठांत. पेठांतली त्याहून जुनी बस हद्दीबाहेरच्या गावांना. चढावर कण्हायला लागली की तिचं काम नव्या ड्रायव्हरांना शिकवण्याचं. मग बाकडी काढून तिच्यात जॅक, दोरखंड, हत्यारं भरायची, म्हणजे ती बंद पडलेल्या दुसऱ्या गाड्यांना आणायला जाणार. एक म्हातारी दुसऱ्या म्हातारीला हात धरून घरी आणते तसं. मोटारींचंही तेच. नवी मोटार वरच्या साहेबाला, त्याची जुनी खालच्याला, त्याची क्षेत्रीय कार्यालयाला, तिथली दवाखान्याला.

ही उतरंड पुण्याची म्हणून खास नाही. मुंबईत बेस्टची बस १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली, लंडनमध्ये त्याही आधी. गाड्या उतरत्या पायऱ्यांनी जाण्याची रीत बससेवेइतकीच जुनी असावी. लंडननं २००५च्या डिसेंबरात आपल्या रूटमास्टर नावाच्या दुमजली गाड्या नेहमीच्या सेवेतून काढल्या तेव्हा लोक कॅमेरे घेऊन रस्त्यावर उभे होते. १५ सप्टेंबर २०२३ रोजी बेस्टची शेवटची जुनी दुमजली गाडी निघाली तेव्हा मुंबईत लोकांनी तिला हार घातले. पीएमटीकडेही दुमजली गाड्या होत्या, माझ्या वयाच्या पुणेकरांना त्या आठवतील. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकड्यासाठी आम्ही मारामाऱ्या केल्या आहेत. त्या कधी गेल्या ते कळलंच नाही. आपण पुणेकर निरोपाच्या बाबतीत जरा कोरडेच.

एस.टी.नं या विषयात जे केलं आहे ते मात्र वाखाणण्यासारखं आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या त्यांच्या कार्यशाळांत जुन्या चासीवर नवा सांगाडा चढवण्याचं काम वर्षानुवर्षं चालत आलं. अलीकडे अल्युमिनियमच्या जागी पोलादी सांगाडे आले. २०२०च्या टाळेबंदीत प्रवासी नव्हते, तेव्हा जुन्या गाड्यांची बाकडी काढून त्यांचे मालवाहू ट्रक केले गेले. काल जिच्यात लग्नाचं वऱ्हाड गेलं, ती धान्याची पोती वाहायला लागली. त्याच वर्षी मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांच्या रुग्णवाहिका झाल्या. गरज पडली की गाडीची जात बदलता येते. माणसाचं तसं नाही.

आता ज्याच्यासाठी एवढा वळसा घातला ते सांगतो.

साल १९८४, पावसाळ्याचे दिवस. मी चौदा वर्षांचा. माझी दादी, अब्बांची आई, तिला दम्याचा त्रास होता. एका रात्री तिचा श्वास छातीत मावेना. अब्बा धावत जाऊन त्यांच्या संस्थेच्याच दवाखान्याची रुग्णवाहिका घेऊन आले. जुनी व्हॅन, पांढरा रंग, त्यावर तांबडा क्रॉस. रंग इतका ताजा की टर्पेंटाइनचा वास येत होता. दादीला आत झोपवलं. अम्मी तिच्या उशाशी आणि मी पायाशी. क्वार्टर गेटच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. ड्रायव्हर स्टार्टर मारतोय, बॅटरी उतरत चालली आहे, टपावर पाऊस वाजतोय.

अब्बा खाली उतरले. डिझेलच्या लायनीत हवा धरली होती. हे काम मी त्यांना शंभर वेळा करताना पाहिलं होतं. फिल्टरचा बोल्ट सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, डिझेलमधून बुडबुडे येतात, ते यायचे थांबले की बोल्ट आवळायचा. पाच मिनिटांचं काम. पण त्या गाडीचा पंपच थकलेला होता. बुडबुडे संपेनात. मी भिजत टॉर्च धरून उभा होतो. अब्बांनी शेवटी तोंडानं डिझेल ओढलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. पंचवीस मिनिटं गेली. गाडी सुरू झाली. आम्ही पोचलो. दादी पहाटे गेली. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि आम्ही कुणी ते पुरं करायला सांगितलं नाही.

अब्बा त्या रात्रीबद्दल कधी बोलले नाहीत. ते निवृत्त झाल्यावर एकदा पत्र्याची ट्रंक आवरताना रेशनकार्डाच्या खालून त्यांनी एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. कार्बन कॉपी होती. त्याच व्हॅनचा तपासणी अहवाल, दादीच्या आधी चार महिन्यांचा. गाडी कार्यालयाकडून काढायची होती. तिचं निर्लेखन करायचं की दुसऱ्या विभागाकडे द्यायची, हा प्रश्न होता. खाली साहेबांची सही, आणि साहेबांच्या वर, तपासणाऱ्याच्या जागी, अब्बांची. शेरा होता : 'इंजिन समाधानकारक. हलक्या कामास योग्य.'

मी वाचलं आणि काही बोललो नाही. अब्बाच म्हणाले, "मला कुठं माहीत होतं, हलकं काम म्हणजे अँब्युलन्स." थोड्या वेळानं म्हणाले, "दिवसातून दोनदा फिरते ना, म्हणून हलकं."

संस्थेचं नाव मी घेत नाही ते यासाठी. वेगळं नाव घेतलं असतं तर वेगळ्या गॅरेजात हाच शेरा सापडला असता. किलोमीटर मोजले तर रुग्णवाहिकेचं काम खरोखरच हलकं असतं. शववाहिकेचं त्याहून हलकं. बंब तर बहुतेक वेळ उभाच असतो. हलकं आणि जड हे आपण चाकांच्या फेऱ्यांवरून ठरवत आलो, गाडीत कोण बसलंय त्यावरून नाही. वरच्या साहेबाच्या मोटारीचं काम जड, कारण ती दिवसभर धावते, आणि म्हणून तिला इंजिन नवं हवं. हिशेबाच्या दृष्टीनं यात चूक काढता येत नाही. मी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला आहे.

२००७ साली पुण्यात एक मोठी घडामोड झाली. पीएमटी आणि १९७४ साली सुरू झालेली पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र येऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी झाली. पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. दोन घरांच्या गाड्या एका गोठ्यात आल्या. कुठली गाडी कुठल्या आगाराची, कुठला मार्ग कुणाचा, हे सगळं पुन्हा मांडावं लागलं. त्याआधी वर्षभर, २००६च्या डिसेंबरात, कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर देशातला पहिला बीआरटी मार्ग सुरू झाला होता. केंद्राच्या नेहरू अभियानातून नव्या गाड्या आल्या आणि जुन्या गाड्या पुन्हा एक पायरी खाली गेल्या. ८ मार्च २०१८ पासून फक्त महिलांसाठी 'तेजस्विनी' गाड्या निघाल्या. साहेबांच्या मोटारींचं म्हणाल, तर २०१७च्या मे महिन्यापासून देशभर लाल दिवे उतरले. दिवा गेला, मोटार राहिली. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. अशा वेळी पदाधिकाऱ्यांच्या मोटारी जमा होतात, आणि कालपर्यंत ज्यांच्यासाठी दार उघडलं जायचं ते रिक्षाला हात करताना दिसतात. लोकशाहीतलं हे दृश्य मला मनापासून आवडतं.

पण जुन्या गाडीला मिळालेलं सर्वांत चांगलं काम मी पुण्यात पाहिलं ते २०१६ नंतर. महामंडळाच्या भंगारात काढलेल्या बसगाड्या घेऊन एका खाजगी उद्योगानं त्यांची महिलांसाठी स्वच्छतागृहं केली. नाव ठेवलं 'ती'. आत संडास, हात धुवायला बेसिन, बाळाला पाजायला जागा, टपावर सौरऊर्जेची पाटी, दाराशी देखरेखीला बाई. पाच रुपये. महापालिकेनं जागा दिल्या, आणि शहरात डझनभराच्या आसपास अशा गाड्या उभ्या राहिल्या. आमच्या बेगमना लक्ष्मी रोडची खरेदी म्हणजे सकाळपासून पाणी न पिण्याचा उपवास. रमजान नसतानाचा रोजा, असं ती म्हणते. तिनं एकदा ती गाडी वापरली आणि घरी येऊन सांगितलं, "तुमच्या सगळ्या कवितांपेक्षा ही बस बरी." मी वाद घातला नाही. गाडीची चाकं थांबल्यावर तिला पहिल्यांदाच जड काम मिळालं होतं.

अब्बांना मी हे सांगितलं. ते तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांचा प्रश्न फिटरचा : "पाण्याचं वजन चासीला पेलतं का?"

मग आला २०२३चा नियम. केंद्र सरकारनं ठरवलं की १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालणार नाही. केंद्राची, राज्यांची, महापालिकांची, परिवहन संस्थांची, सगळ्यांची. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची खास वाहनं तेवढी वगळली. बाकीच्यांनी नोंदणीकृत भंगार केंद्रात जायचं आणि तिथे तुकडे व्हायचे. याचा अर्थ, हलक्या कामाचा शेरा लिहायची वेळच आता फार लांबवता येणार नाही. कॅलेंडर लिहील तेच खरं.

मला हा नियम हवा आहे की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. क्वार्टर गेटच्या त्या पावसात मी हा नियम डोळे मिटून मान्य केला असता. पण बंब पंधरा वर्षांत चालतो किती? नीट राखलेला बंब पंधराव्या वर्षी धडधाकट असतो, आणि निष्काळजीपणानं वापरलेली गाडी सातव्या वर्षीच माणूस मारू शकते. पुण्यासारखी श्रीमंत महापालिका नवी गाडी घेईल. छोट्या नगरपरिषदेनं एकुलता एक बंब भंगारात दिला आणि नव्याची निविदा फाईलीत अडकली, तर आगीनं तोवर थांबायचं का? तारीख पाहणं सोपं असतं. बोल्ट सैल करून बुडबुडे मोजायला अब्बांसारखा माणूस लागतो, आणि त्यानं लिहिलेलं वाचणारा साहेबही लागतो. शेरा लिहिणाऱ्याला गाडी कुठे जाणार हे सांगायचं, एवढी एक ओळ त्या अर्जात असती, तर मला वाटतं अब्बांनी वेगळं लिहिलं असतं. मला वाटतं, एवढंच. त्यांना मी विचारलं नाही.

जुन्या गाड्यांचं शेवटी काय होई, हे पाहायला आम्ही बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जायचो. लिलावात गेलेल्या गाड्यांचे अवयव तिथे पथारीवर मांडलेले असत. गिअरचे दांडे, आरसे, हेडलाइटच्या काचा, भोंगे. अब्बा एखादा भाग उचलून, फिरवून, नेमका कुठल्या गाडीचा ते सांगायचे. एकदा त्यांनी एक स्पीडोमीटर विकत घेतला. काटा शून्यावर आणि आकड्यांची पट्टी अडकलेली. अम्मी म्हणाली, हे घरात कशाला? तो आता माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

९ फेब्रुवारी २०१९ रोजी पुण्यात विजेच्या बसगाड्यांचं उद्घाटन झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी अब्बा म्हणाले, ती गाडी मला दाखव. मी त्यांना भेकराईनगरच्या बाजूच्या गाडीत बसवलं. ड्रायव्हरच्या मागचं बाकडं मिळालं. गाडी निघाली तेव्हा त्यांना कळलंच नाही. ते इंजिन सुरू व्हायची वाट पाहत होते. मग त्यांनी तळहात खाली फळीवर टेकवला, डॉक्टर नाडी बघतात तसा, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"धडकी नाही हिला," ते म्हणाले.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, ही म्हातारी झाली की कुठं पाठवणार?"

तरुण पोरगा होता. हसला. म्हणाला, "ते मला काय माहीत, चाचा. कंडक्टर पीएमपीचा. मी ठेकेदाराचा, गाडी पण ठेकेदाराची. पीएमपी किलोमीटरचे पैसे देते."

अब्बांनी दोनदा विचारून घेतलं. गाडी पीएमपीची नाही? नाही. मग हिचा अहवाल कोण लिहितो? त्या पोराला प्रश्न कळला नाही. सिग्नल सुटला. अब्बांनी हात फळीवरून उचलला, रुमालानं पुसला, सवयीनं. हाताला काहीच लागलेलं नव्हतं.